पिकासोचे डोंबारी कसे बघायचे: चित्रातला मूड आणि मांडणी वाचायची माझी पद्धत

दोनेक वर्षांपूर्वी चित्र कसं बघायचं असल्या एका वर्कशॉपला गेले होते, रविवारी सकाळी, पंधरा-वीस जण, बहुतेक सगळे माझ्यासारखे चित्रकलेतलं काहीही न शिकलेले. सरांनी पडद्यावर एक चित्र लावलं आणि विचारलं, मूड काय आहे सांगा. आम्ही सगळे एका सुरात, "उदास!" सर म्हणाले, "बरं, कुठे दिसतंय ते पुढे येऊन बोट ठेवून दाखवा." मी उत्साहात उठले, पडद्यापाशी गेले आणि उजवीकडे खाली बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "नीट बघा," सर म्हणाले, "ती रडतेय का? कपाळाला आठी आहे का?" नाही हो, तसलं काहीच नव्हतं. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या बाईचा असतो तसा चेहरा होता, आपल्यातच कुठेतरी. मी बोट हवेत धरून तशीच उभी आणि मागून कोणीतरी हसलं.

चित्र उदास तर होतंच, त्यात काही चूक नव्हती, पण ते उदासपण नेमकं कुठे ठेवलंय ते सांगता येईना. त्या दिवसानंतर हळूहळू, चुकत माकत, एक पद्धत बसवली. तीच इथे त्याच चित्रावर करून दाखवते, म्हणजे तुम्ही घरी बसून करू शकाल.

चित्र आहे पाब्लो पिकासोचं, १९०५ सालचं, 'फॅमिली ऑफ सॉल्तँबांक'. सध्या वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. सॉल्तँबांक म्हणजे गावोगाव फिरून रस्त्यावर कसरती करणारे लोक, आपल्याकडचे डोंबारीच म्हणा ना. बरेच जण सर्कसवाले म्हणतात ते मला पटत नाही, सर्कशीला तंबू असतो, तिकीट असतं, डोंबाऱ्याकडे काय, ढोल आणि रस्ता. आणि ढोल या चित्रातही आहेच, उंच पोराच्या खांद्यावर.

आधी तयारी

मोबाइलवर बघून हे होणार नाही, आधीच सांगते. इमेज मोठ्या साइजची शोधा आणि ए-फोर कागदावर कलर प्रिंट काढा, कागद आडवा धरून. सोबत बटर पेपर (स्टेशनरीवाल्याकडे मिळतो, ट्रेसिंगचा असला तरी चालेल), पेन्सिल, फूटपट्टी आणि पुठ्ठ्याचे दोन-तीन छोटे तुकडे. बस.

मूळ कॅनव्हास २१२.८ सेंटिमीटर उंच आणि २२९.६ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे घरातल्या दाराएवढा उंच आणि उंचीपेक्षाही थोडा जास्त रुंद. प्रिंटवर चित्राची रुंदी २० सेंटिमीटर ठेवलीत तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे मूळ चित्रातले साधारण साडेअकरा. हा हिशोब कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागेल. मी तर एकदा टेप घेऊन हॉलच्या भिंतीवर खडूने एवढा चौकोन आखला होता (आई काय बोलली ते इथे लिहीत नाही), पण त्याच्यासमोर उभं राहिल्यावर कळलं की ही माणसं जवळपास आपल्याएवढी आहेत, आपण त्यांच्याकडे वरून बघत नाही, त्यांच्याच जमिनीवर थोडं लांब उभे आहोत. स्क्रीनवर ही गोष्ट कधीच कळत नाही.

पहिल्यांदा फक्त बघा

दोन मिनिटं लावा आणि गप्प बसा. नाव, लेबल, विकिपीडिया काही नको. दोन मिनिटं फार वाटतात, पहिल्या वीस सेकंदांत हात मोबाइलकडे जातो, जाऊ देऊ नका. मग डोळे बारीक करा, इतके की चेहरे पुसले जातील आणि नुसते रंगांचे डाग राहतील. काय दिसलं ते तीन शब्दांत लिहा. भावनेचा शब्द आला तर येऊ द्या, उदास, थकलेलं, काहीही, फक्त त्याच्यापुढे एक रिकामा कंस काढून ठेवा. तो शब्द उधारीवर घेतलाय असं समजायचं. चित्रातली एखादी वस्तू, रेघ, रंग, अंतर दाखवता आलं की कंस भरायचा, नाही दाखवता आलं तर शब्द खोडायचा. सगळी पद्धत या कंसावरच चालते.

माणसं मोजू नका, गठ्ठे मोजा

आता बटर पेपर प्रिंटवर ठेवून ट्रेस करा, पण नाक डोळे अजिबात नकोत. जी माणसं एकमेकांना चिकटलेली किंवा एकमेकांमागे झाकलेली आहेत त्यांच्याभोवती मिळून एकच रेघ फिरवा. चित्रात सहा जण आहेत: डावीकडे रंगीत चौकटीचौकटींच्या पोशाखातला हार्लेक्विन (जुन्या इटालियन नाटकांतलं एक विनोदी सोंग), त्याचा हात धरलेली छोटी पाठमोरी मुलगी, लाल कपड्यांतला जाडा विदूषक, ढोलवाला उंच पोरगा, एक लहान पोरगा आणि उजवीकडे खाली बसलेली हॅटवाली बाई. पण तुमच्या बटर पेपरवर सहा आकार येणार नाहीत, दोनच येतील. पाच जणांचा एक मोठा गठ्ठा आणि एकटी बाई.

बटर पेपर उचलून कोऱ्या कागदावर ठेवा आणि बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा खरंच चमकले, चेहरा नाही, रंग नाही, कपडे नाहीत, आणि तरी तो कोपऱ्यातला छोटा आकार एकटा वाटत होता. म्हणजे मी बाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं ते चुकलंच होतं, बोट तिच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर ठेवायला हवं होतं.

आता छोटी मुलगी सोडून बाकीच्यांच्या डोक्यांवर एकेक टिंब द्या आणि डावीकडून उजवीकडे टिंबं जोडत या. डावीकडची मोठी माणसं वर, मग उंच पोरगा, मग लहान पोरगा आणि शेवटी बाई, रेघ जिन्यासारखी उतरत उतरत उजव्या कोपऱ्यात खाली जाते. डोळा आपोआप त्या जिन्याने उतरतो आणि शेवटच्या पायरीवर ही बाई बसलेली असते. आणि तिच्यापुढे काय, तर चित्राची चौकट, डोळ्याला पुढे जायला जागाच नाही. मांडणी म्हणतात ती हीच, डोळ्याने कुठून कुठे जायचं आणि कुठे अडकायचं हे चित्रकाराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं आणि आपल्याला वाटतं आपण मोकळेपणाने बघतोय.

रिकाम्या जागा (इथे वेळ घालवा)

माझ्या मते या चित्रातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे लहान पोरगा आणि बाई यांच्यामधली जागा. फूटपट्टी घ्या आणि पोराच्या अंगापासून बाईच्या अंगापर्यंतचं अंतर मोजा. मग गठ्ठ्यातल्या दोन शेजाऱ्यांमधलं मोजून बघा, बहुतेक ठिकाणी शून्यच येईल कारण एक दुसऱ्यामागे झाकलेला आहे. आकडे शेजारी शेजारी लिहा, हवं तर साडेअकराने गुणून मूळ चित्रातलं अंतर काढा. खूप मोठं अंतर नाहीये हे! हात लांब केला तर पोचेल कदाचित. आणि तीच खरी गंमत आहे, बाई मैलभर लांब बसली असती तर आपण म्हटलं असतं वेगळी कोणीतरी आहे, वाटेवरची. ती इतकी जवळ आहे की त्यांच्यातलीच वाटते आणि इतकी लांब की त्यांच्यात नाही. घरात भांडण झाल्यावर एकाच हॉलमध्ये लोक कसे बसतात, साधारण तेवढं अंतर.

आता झाकाझाकी. पुठ्ठ्याचा तुकडा बाईवर ठेवा, पूर्ण झाका. काय झालं? मला तरी असं दिसतं की पाच जणांची टोळी कुठेतरी निघालीये, जरा थांबलीये, आत्ता चालायला लागेल. दमलेली असेल, पण उदास म्हणायला फारसं कारण उरत नाही. पुठ्ठा काढा. बाई आली की लगेच प्रश्न पडतो, ही सोबत येणार आहे का? हिला सोडून चाललेत का? कोणाची कोण ही? पाच जणांपैकी एकाच्याही चेहऱ्यात काही बदललेलं नाही, पण सगळ्यांचे चेहरे वेगळे वाटायला लागतात.

मग उलटं करा. डावीकडची छोटी मुलगी झाका. ही मुलगी आपल्याकडे पाठ करून आहे, हात फुलांच्या टोपलीपाशी, आणि दुसरा हात हार्लेक्विनच्या हातात. ती गेली की हार्लेक्विन बराच गर्विष्ठ वाटायला लागतो, नुसता उंच, सडपातळ, पाठमोरा माणूस. ती आली की बाप होतो. एका लहानशा आकृतीने शेजारच्या माणसाचं पूर्ण नातं बदलतं, म्हणून प्रत्येक माणूस एकेकदा झाकून बघाच, कंटाळा करू नका. विदूषक झाकून मला फार काही सापडलं नाही, फक्त रंगाबद्दल एक गोष्ट कळली, ती पुढे सांगते.

नजरा आणि हात

बटर पेपरचा दुसरा तुकडा घ्या आणि प्रत्येकाच्या डोळ्यापासून तो बघतोय त्या दिशेला एक बाण काढा. पाठमोऱ्या मुलीचा बाण डोक्याच्या कलावरून अंदाजाने काढा. सगळे बाण झाले की एकच गोष्ट तपासा, कुठलेही दोन बाण समोरासमोर येऊन भेटतात का? या चित्रात भेटत नाहीत. सहा माणसं आणि एकाही जोडीची नजर जुळत नाही, कोण कुठे, कोण कुठे. ग्रुप फोटोतसुद्धा सगळे निदान कॅमेऱ्याकडे तरी बघतात, इथे तेही नाही. "एकटेपणा" हा शब्द तुम्ही सुरुवातीला लिहिला असेल तर त्याचा कंस इथे भरा: नजरांचे बाण कुठेच मिळत नाहीत.

मग हात बघा. सहा जणांमध्ये एकमेकांना धरलेला हात एकच, हार्लेक्विन आणि मुलीचा. माझं मत असं आहे की हा एक हात नसता तर चित्र रडकं झालं असतं, सगळंच तुटलेलं, आणि सगळं तुटलेलं असलं की आपल्याला काही वाटेनासं होतं. एक धागा शिल्लक ठेवला म्हणून बाकीचे तुटलेले धागे दिसतात. हे माझं वाचन, तुम्हाला उलटं दिसलं तर उलटं लिहा, फक्त बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

जागा कुठली आहे

पार्श्वभूमीबद्दल लोक एक ओळ लिहितात आणि पुढे जातात. तुम्ही काय काय *नाही* त्याची यादी करा. तंबू नाही, घर नाही, झाड नाही, रस्ता नाही, प्रेक्षक तर नाहीतच. धुळकट जमीन, तिचे हलके उंचवटे आणि वर आकाश. कसरत करणारी माणसं आहेत पण कसरत चालू नाहीये. सकाळ आहे की संध्याकाळ तेही सांगता येत नाही. डोंबाऱ्याचा खेळ संपल्यावर गर्दी पांगते, पैसे गोळा होतात, आणि मग ती माणसं सामान बांधून बाजूला उभी असतात ना, तेव्हा त्यांच्याकडे कोणी बघत नाही. ती वेळ आहे ही. निदान मला तशी वाटते.

रंग, आणि एक मोठा गैरसमज

इंटरनेटवर रंगांचे तक्ते फिरत असतात, निळा म्हणजे दुःख, गुलाबी म्हणजे प्रेम, लाल म्हणजे राग वगैरे. ते तक्ते इथे लावून बघा आणि काय होतं ते बघा. पिकासोचा आधीचा काळ निळा (त्या वर्षांतली त्याची चित्रं मुख्यतः निळ्या रंगातली, म्हणून हे नाव), 'द ओल्ड गिटारिस्ट' हे शिकागोतलं १९०३-०४ चं चित्र बघाल तर म्हातारा, त्याचे कपडे, मागची भिंत सगळं निळं आणि फक्त गिटार तपकिरी. तिथे तक्ता बरोबर येतो. पण आपलं चित्र त्यानंतरच्या गुलाबी काळातलं आहे, यात गुलाबी, विटकरी, मातकट पिवळे असे सगळे उबदार रंग भरलेत. तक्त्याप्रमाणे हे चित्र गोड वाटायला पाहिजे, वाटत नाही.

म्हणून रंगाचं नाव लिहून थांबू नका, तीन प्रश्न विचारा: रंग भडक आहे की मळलेला, शेजारच्या रंगाहून किती वेगळा आहे, आणि चित्रात आणखी कुठे कुठे परत आलाय. इथले जवळपास सगळे रंग धूळ बसल्यासारखे आहेत, धुवून धुवून विटलेल्या साडीसारखे. आणि माणसांचे रंग जमिनीच्या रंगांशी इतके जवळचे आहेत की माणसं जमिनीतूनच उगवल्यासारखी किंवा हळूहळू तिच्यात विरत चालल्यासारखी वाटतात, बाईकडे बघा, तिचा फिकट स्कर्ट आणि आजूबाजूची माती यात फार फरक नाही. सगळ्यात ठळक रंग विदूषकाचा लाल. मघाशी म्हटलं ना, विदूषक झाकून बघा, तो झाकला की अख्खं चित्र एकदम फिकं पडतं, फोटो उन्हात ठेवल्यासारखं. म्हणजे तो लाल सगळा गठ्ठा धरून ठेवतोय, आणि गंमत बघा, हसवायचं काम ज्याचं, त्याच्याकडेच ते काम आलंय, पण हसत तोही नाहीये.

आता वाचा, आत्ता

इथपर्यंत आल्यावर माहिती शोधा. आधी शोधलीत तर तुम्ही माहितीच बघाल, चित्र नाही. वर्कशॉपमध्ये माझं तेच झालं होतं, सर बोलत असताना मी टेबलाखाली मोबाइलवर चित्राचं नाव शोधलं होतं आणि "उदास" हा शब्द तिथूनच उचलला होता, कबूल करते.

तर माहिती अशी: पिकासो तेव्हा तेविशी-चोविशीतला, पॅरिसच्या माँमार्त्र भागात 'बातो-लाव्हार' नावाच्या पडक्या इमारतीत राहायचा, जवळच मेद्रानो सर्कस होती, तिथे तो आणि त्याचे मित्र जायचे. चित्राची क्ष-किरण तपासणी झालेली आहे, त्यात आजच्या चित्राखाली आधीच्या मांडण्या सापडल्या, म्हणजे त्याने याच कॅनव्हासवर परत परत रंगवून माणसं बदलली. एका अभ्यासचित्रात तर मागे घोड्यांची शर्यत आहे. ही माहिती मला फार उपयोगाची वाटते, कारण तुमच्या "काय काय नाही" या यादीला ती जोर देते. मागचं मोकळं माळरान आळसाने राहिलेलं नाही, शर्यत, गर्दी हे सगळं हाताशी असताना ते काढून टाकलेलं आहे.

हार्लेक्विनचा चेहरा पिकासोसारखा आहे असं बरेच अभ्यासक म्हणतात. ठीक आहे. पण मग लोक विदूषक म्हणजे अमुक कवी, बाई म्हणजे तमुक मैत्रीण असं करत बसतात आणि चित्राचं कोडं करून टाकतात. समजा सगळी नावं बरोबर निघाली, तरी पोरगा आणि बाई यांच्यामधली जागा तेवढीच राहते.

किमतीची गोष्ट मूडला काही उपयोगाची नाही पण मला आवडते म्हणून सांगते: काही जणांनी वर्गणी काढून स्थापन केलेल्या एका मंडळाने १९०८ मध्ये हे चित्र १,००० फ्रँकला घेतलं आणि १९१४ च्या लिलावात ते ११,५०० फ्रँकला गेलं. पुढच्या वर्षी जर्मन भाषेतला कवी रिल्के म्युनिकमध्ये ज्या घरी काही महिने राहिला तिथे भिंतीवर हे चित्र होतं, आणि त्यावरून सुचलेली त्याची कविता झाली १९२२ मध्ये. सात वर्षं! आपण दोन मिनिटांना कंटाळतो.

लिहायचं कसं

शेवटी चार-पाच वाक्यं लिहा, जास्त नको. प्रत्येक वाक्यात एक दिसणारी गोष्ट आणि तिच्यामुळे काय वाटतं ते. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, "पिकासोने या चित्रात मानवी जीवनातील एकाकीपणाचे हृदयस्पर्शी दर्शन घडवले आहे." वाचून मलाच हसू आलं, हे वाक्य कुठल्याही चित्राखाली चिकटवता येईल, कॅलेंडरखालीसुद्धा. खोडून असं केलं: "पाच जण एका गठ्ठ्यात आहेत आणि बाई हाताच्या अंतरावर वेगळी बसलीये, डोक्यांची रेघ उतरत तिच्यापाशी संपते, म्हणून बघणारा तिच्यापाशी अडकतो आणि बाकीचे तिला सोडून चाललेत असं वाटत राहतं." लांबलचक आहे, पण हे दुसऱ्या चित्राखाली चिकटवता येणार नाही.

तुमचं वाक्य तपासायचं असेल तर ज्याने चित्र बघितलेलं नाही अशा कोणाला तरी फोनवर वाचून दाखवा आणि त्याला कागदावर ढोबळ आकार काढायला सांगा. मी भावाला सांगितलं, त्याने पाच गोळे एकत्र आणि एक गोळा उजवीकडे खाली काढला. पास.

पुढचं चित्र

सरावाला चित्रकार अमृता शेरगिलचं १९३५ चं 'थ्री गर्ल्स' घ्या. दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि १९३७ मध्ये याच चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं, म्हणजे मुंबईशी त्याचं नातं जुनं आहे. एक सावधगिरी, शेरगिल म्हटलं की लोक लगेच अजिंठ्याचा प्रभाव लिहून मोकळे होतात. ती अजिंठ्याला गेली १९३६ च्या शेवटी, हे चित्र त्याच्या आधीचं. तारखा बघूनच प्रभाव लिहा.

नजरांचे बाण, हात, रंग, सगळ्या पायऱ्या तशाच करा. फक्त रिकाम्या जागेच्या पायरीला अडचण येईल. तिघी एकमेकींना लागून बसल्यात, मोजायला मध्ये जागाच नाही, आणि तरी तिघी तीन दिशांना हरवलेल्या. पिकासोने जे काम अंतराने केलं ते इथे अंतर न ठेवता कसं केलंय ते शोधा. माझा बटर पेपर अजून तसाच आहे, तिघींभोवती एकच रेघ, आणि आत कुठे दुसरी रेघ मारायची ते काही ठरत नाहीये.